वॉर्डातल्या कठड्यांना जंतुनाशक लेप: मराठवाड्यात चालेल का?

लातूरकर: सरकारी दवाखान्यांतले खाटांचे कठडे, सलाइनचे स्टँड, दारांच्या कड्या यांना पुन्हा 'भरता' येणारा पॉलिमरचा लेप द्यायलाच हवा. एन-हॅलामाइन जातीच्या लेपात क्लोरीन नायट्रोजनला बांधलेला असतो. जंतू टेकला की तो खर्ची पडतो, जंतू मरतो. सौम्य हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) पुसलं की लेप पुन्हा ताजा. हायपोनं तर मावशी पुसतातच! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. अशा गावात दोन पुसण्यांच्या मधला वेळ कोण सांभाळणार?

मांजराकाठ: दादा, मी वॉर्डात काम करते, मला हे पटत नाही. बोअरच्या पाण्यानं पुसलेल्या कठड्यावर पांढरा थर चढतो, नखानं खरवडला तर भुकटी निघते. जंतू त्या थरावर, तुमचा लेप खाली. वर रक्त, पू, लघवी. क्लोरीन त्यातच संपतो.

परभणीचा मास्तर: ताईंच्या बाजूनं. असे लेप जंतू मारतात का हे तपासणाऱ्या आयएसओ २२१९६ या आंतरराष्ट्रीय चाचणीत जंतूंचा द्रव पातळ फिल्मखाली झाकून २४ तास ठेवतात, तेही ३५ अंशांला नि किमान ९०% आर्द्रतेत. मे महिन्यात परभणीतला कठडा खडखडीत कोरडा असतो. तिथं '९९.९% जंतू मरतात' अशा दाव्यावर मी विसंबणार नाही.

लातूरकर: सर, म्हणूनच चाचणी आपल्या धुळीत, आपल्या जड पाण्यात करा म्हणतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रसायनशास्त्रज्ञ क्लिबानोव्ह यांच्या गटानं काचेला घट्ट बांधलेल्या धनभारित पॉलिमर साखळ्यांनी नुसत्या स्पर्शानं जंतू मारून दाखवले. तो लेप खर्च होत नाही, पण मेलेल्या जंतूंचा थर बसला की दबतो. भरता येणारा लेप निदान पुसण्याबरोबर पुन्हा कामाला लागतो.

मांजराकाठ: कशानं भरणार? उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनमधल्या हायपोचा जोर उतरतो, वास तेवढा राहतो. आमच्याकडं दुपारनंतर बेसिनला पाणी नसतं. हात न धुता नर्स एका खाटेवरून दुसरीकडं जाते, तिथं लेप काय करील? आधी टाकी, साबण, ताजा हायपो द्या.

लातूरकर: ताई, टाकी हवीच, तुमच्याआधी मी मागीन. पण ॲसिनेटोबॅक्टर हा दवाखान्यात संसर्ग पसरवणारा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो, तो हात धुवून मरत नाही. एकाच वॉर्डात अर्ध्या खाटांना लेप द्या, अर्ध्या तशाच ठेवा. पुसणं सारखंच. मग स्वॅब घ्या.

मांजराकाठ: स्वॅब मी घेते. पण मे महिन्यात घ्यायचे, पावसाळ्यात नाही. आणि लेपाच्या पैशांत किती बेसिनना पाणी आलं असतं, तो आकडाही त्याच तक्त्यात लिहायचा.