तिसऱ्यांवरचा (खाडीतल्या शिंपल्यांवरचा) पेपर ओपन करायचाय, पण जर्नलच्या फीला पैसे नाहीत

खाडीकाठची: रत्नागिरीजवळच्या खाडीत तीन वर्षं तिसऱ्यांची मोजणी केली, ग्रँट डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची). पेपर ॲक्सेप्ट झालाय. जर्नल म्हणतं ओपन करायचा तर लाखाच्या वर फी भरा, आणि ग्रँटच्या अटीत पेपर सगळ्यांना खुला हवा. मग करायचं काय? आणि डेटाचं काय?

मालवणी माणूस: ताई, फी भरू नका!! डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि डीएसटीची २०१४ ची पॉलिसी नीट वाचा, त्यात पैसे भरून ओपन करा असं नाहीच, रिव्ह्यूनंतरची तुमची फायनल वर्ड फाइल ॲक्सेप्ट झाल्यापासून दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत (पेपर जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्यात) टाकायची, एवढंच. जर्नलने सजवलेली पीडीएफ नाही हां. फक्त जर्नलचा एम्बार्गो (पेपर खुला करण्याआधी थांबायची मुदत) किती ते करार सही करण्याआधी बघा.

दापोलीवाला: डेटा झेनोडो या ऑनलाइन साठ्यावर टाका, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो. जातींच्या नोंदी ओबिसवर (समुद्री जीवांच्या नोंदींचा जागतिक डेटाबेस) पण जाऊ शकतात. पण एक मनापासून सांगतो, ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायकांनी तुम्हाला जागा दाखवल्या असतील, त्यांची नावं आणि नेमके जीपीएस पॉइंट तसेच टाकू नका, उद्या कोणीतरी ड्रेजर घेऊन येईल आणि त्यांचं पोट जाईल. आधी त्यांना विचारा, लोकेशन ढोबळ करा.

खाडीकाठची: हे डोक्यातच नव्हतं आलं. रविवारी जाते वाडीत, विचारते. आणि निष्कर्ष मराठीत दोन पानं लिहून देते त्यांना, त्यांचाच डेटा आहे तो.