शब्दचर्चा: ‘गतिरोधक’, ‘हंप’ आणि शाळेसमोरचं क्रॉसिंग

अनगोळकर: शाळेसमोरच्या रस्त्यासाठी महापालिकेला निवेदन द्यायचं आहे, कन्नड आणि मराठी दोन्हींत. झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणून बांधतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘गतिरोधक’ ही वेगळी गोष्ट. बेळगावात तर रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला आपण हंपच म्हणतो.

निपाणीकर: ‘उन्नत पादचारी मार्ग’ चालेल का?

खानापूरकर: नको. ‘उन्नत मार्ग’ म्हटलं की वाचणाऱ्याला खांबांवरचा रस्ता दिसतो. निवेदन वाचून उद्या कुणी पादचारी पूल मंजूर करेल. गुडघे दुखणारी आजी दोन जिने चढणार नाही, ती खालूनच पळत रस्ता ओलांडणार. शिवाय ‘पादचारी मार्ग’ फुटपाथलाही म्हणतात आणि क्रॉसिंगलाही, म्हणजे घोळ कायम.

‘गतिरोधक’ही टाळा. त्या नावाखाली आपल्याकडे डांबराचा अरुंद, उभट वरंबा पडतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनातला नेहमीचा हंप तसा नाही: गाडी जाते त्या दिशेनं 3.7 मीटर लांब, मध्यभागी फक्त 10 सेंटिमीटर उंच. ताशी 25 किलोमीटरनं गेलात तर तो जाणवतो, पण हाडं खिळखिळी करत नाही.

वडगावची ताई: मी रोज सायकलनं जाते, म्हणून सांगते. अरुंद वरंब्यावर सायकलचं पुढचं चाक आपटतं. कडेला गटारीजवळ जी सपाट फट राहते, तिथून मी जायला बघते आणि नेमके मोटारसायकलवालेही तिथंच घुसतात. ‘रोधक’ म्हणजे अडवणारा. आपल्याला कुणाला अडवायचं नाही, वेग कमी करायला लावायचा आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. ताशी 30 च्या जागी 60 वेग असला की ते चौपट होतं, आणि तेवढ्यात पोर रस्त्याच्या मध्यावर आलेलं असतं.

अनगोळकर: मग ‘उंचावलेलं क्रॉसिंग’? ‘क्रॉसिंग’ शब्द भाजीवालीलाही कळतो.

खानापूरकर: हेच उत्तम. पण पहिल्यांदा लिहाल तिथं वर्णनही द्या: ‘फुटपाथच्या पातळीवर आणलेलं, माथा सपाट, दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार’. कंत्राटदार शब्द नाही, माप बघून काम करतो. पावसाचं पाणी कडेनं वाहून जायला वाट ठेवा, हेही लिहा. नाहीतर जूनमध्येच तिथं तळं होईल.

निपाणीकर: दुभाजकात माणसं मध्येच थांबतात, त्या जागेला काय लिहायचं? ‘आश्रयबेट’ फार पुस्तकी वाटतं.

वडगावची ताई: ‘दुभाजकातला थांबा’ म्हणा की. थांबा म्हणजे बस, असं कुणाला वाटणार नाही, कारण दुभाजकात बस थांबत नाही. पण तो किमान दोन मीटर रुंद मागा. सायकलच पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते. त्याहून अरुंद जागेत उभं राहिलं की मागचं चाक रस्त्यावर राहतं.

अनगोळकर: घेतले दोन्ही शब्द. कन्नड प्रतीत ‘रस्ते उब्बु’ लिहू का?

खानापूरकर: पाट्यांवर हंपलाच ‘रस्ते उब्बु’ लिहितात, त्यामुळे परत हंपच पदरात पडेल. तिथंही वर्णनच द्या, आणि सोबत मापांसह हातानं काढलेलं चित्र जोडा.