एच६१ मदरबोर्डवर पुढच्या बाजूला यूएसबी ३.० पोर्ट हवेत : पॅनेल घेऊ, कार्ड घेऊ की दोन्ही?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मदरबोर्ड इंटेल एच६१ (मायक्रो एटीएक्स), प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय५, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, विंडोज १० चौसष्ट बिट. ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटला पुढे यूएसबी २.० चे दोन पोर्ट आहेत, त्यातला एक बंद. डीव्हीडी रायटरखालचा ५.२५ इंची कप्पा रिकामा आहे.

काम फोटोंचं. कार्ड रीडरवरून आणि २.५ इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर एका वेळी ५० जीबीपर्यंत कॉपी होते. मागे हात घालून केबल लावणं नको झालंय.

ऑनलाइन त्या कप्प्यात बसणारी जी पोर्टांची पॅनेलं दिसतात, त्यांच्या जाड निळ्या केबलला १९ भोकांचा प्लग असतो. माझ्या बोर्डवर तशी जागाच नाही. दुकानदार म्हणतो, बोर्डवरच्या यूएसबी २.० च्या ९ पिनवर बसणारा कन्व्हर्टर लावा, काम होईल. खरंच होईल का?

सोल्डरगन

पोर्ट चालू होईल, वेग मिळणार नाही. तो कन्व्हर्टर फक्त यूएसबी २.० च्या तारा जोडतो. ३.० साठी प्रत्येक पोर्टला वेगळ्या तारांच्या दोन जोड्या लागतात आणि ९ पिनच्या हेडरमध्ये (प्लग लावायच्या पिनांच्या जागेत) त्या नाहीतच. पोर्टचं प्लास्टिक निळं असलं म्हणून डेटा वेगाने जात नाही.

आकड्यांत सांगतो. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. ५० जीबीला साधारण २५ मिनिटं. तीच २.५ इंची डिस्क ३.० वर १००-११० एमबी देते, म्हणजे साधारण ८ मिनिटांत काम. पेन ड्राइव्हवर लिहिताना मात्र इतका फरक दिसेलच असं नाही, स्वस्त पेन ड्राइव्ह मुळातच हळू लिहितात.

एच६१ चिपसेटमध्ये (बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) यूएसबी ३.० नाही. इंटेलने ते २०१२ मध्ये ७ मालिकेपासून (बी७५, एच७७, झेड७७) चिपसेटमध्ये घातलं. काही एच६१ बोर्डांवर वेगळी चिप लावून मागे दोन निळे पोर्ट दिलेले असतात, ते आहेत का एकदा बघा. नसतील तर पॅनेल आणि बोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, दोन्ही घ्यावं लागेल.

कार्ड घेताना त्याच्या आतल्या बाजूला १९ पिनचा हेडर आहे याची खात्री करा. बरीच कार्डं फक्त मागे चार पोर्ट देतात, ती तुमच्या कामाची नाहीत. चिपचं नाव वाचा : रेनेसासची यूपीडी७२०२०१ किंवा ७२०२०२, नाहीतर व्हीआयएची व्हीएल८०५. विंडोज १० मध्ये ड्रायव्हर आपोआप बसतो.

पाटी_पेन्सिल

धन्यवाद! मागे निळे पोर्ट नाहीत. कार्डावर साटा पॉवरचा (एसएमपीएसची वायर लावायचा) कनेक्टर दिसतोय. तो लावायलाच हवा का? स्लॉटमधून वीज येते ना?

तीन_पिन

लावायलाच हवा. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये १२ आणि ३.३ व्होल्ट असतात, ५ व्होल्टची पिनच नसते. यूएसबीला लागतात ५. काही कार्डं १२ चे ५ करून घेतात, पण ज्यावर साटा किंवा मोलेक्स (जुना, मोठ्या चार पिनांचा) कनेक्टर दिलाय ते कार्ड बहुधा ५ व्होल्ट तिथूनच घेतं. तो मोकळा सोडला की पोर्ट मृत राहतात, किंवा पेन ड्राइव्ह दिसतो आणि हार्ड डिस्क टकटक करत राहते.

एसएमपीएसची साटा वायर शिल्लक असेल तर तीच थेट लावा. मोलेक्स ते साटा कन्व्हर्टर घ्यावाच लागला, तर प्लास्टिकच्या एकसंध ठोकळ्यात ओतलेला नको. त्यात आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकतात आणि कनेक्टर जळतो. प्रत्येक वायर मागून वेगळी आत जाताना दिसते तो प्रकार घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात, हातात घेऊन बघा.

सोल्डरगन

बसवताना :

मेन्स बंद, वायर काढा, मग पॉवर बटण ५-१० सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड हातात घ्या.

पुढचा प्लास्टिकचा मुखवटा काढा. रिकाम्या कप्प्यामागे बहुतेक वेळा पत्र्याची झाकणी असते, ती पुढेमागे हलवून तोडावी लागते. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. आणि हे कार्ड बसवण्याआधी करा. पत्र्याची कीस बोर्डवर पडली तर शॉर्ट होईल.

पॅनेल पुढून आत जातं, म्हणून आधी केबल सरकवा. स्क्रू डीव्हीडी रायटरचेच, म्हणजे एम३. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू तिथे पिळू नका, आटे जातात.

कार्ड छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये बसतं. तुमचा मोठा एक्स१६ रिकामा आहे, त्यातही चालेल. एच६१ च्या एक्स१ लेनची (स्लॉटच्या डेटामार्गाची) मर्यादा सेकंदाला ५०० एमबी, प्रत्यक्षात ४०० च्या आसपास. ती दोन्ही पोर्टांत वाटली जाते. कार्ड रीडर आणि साध्या डिस्कला हे भरपूर आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते १९ पिनच्या प्लगपाशी. एका ओळीत १०, दुसऱ्या ओळीत ९ पिना, आणि त्या फार नाजूक. प्लगवरचा उंचवटा हेडरच्या खाचेशी जुळवा आणि सरळ दाबा. तिरका दाबलात तर पिना वाकतात. काढताना केबल ओढू नका. प्लग घट्ट असतो, डुलवत ओढला तर हेडरची प्लास्टिकची भिंत पिनांसकट हातात येते.

कोकणकडा

त्या बंद पोर्टचंही बघून घ्या. पुढचे दोन्ही पोर्ट ९ पिनच्या एकाच प्लगवर असतात, एकेका ओळीवर एकेक. तो प्लग बोर्डवरच्या दुसऱ्या यूएसबी हेडरवर लावून पाहा. तरीही तोच पोर्ट बंद राहिला तर दोष कॅबिनेटच्या बाजूचा.

जुन्या कॅबिनेटांत अखंड प्लगऐवजी चार-चार सुट्या वायरी असतात : लाल ५ व्होल्ट, पांढरी डेटा वजा, हिरवी डेटा अधिक, काळी ग्राउंड. लाल आणि काळी उलटली तर पोर्टात लावलेली वस्तू जळते. रंगांवर विसंबू नका, बोर्डच्या मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवा. सुरू करताना ‘ओव्हर करंट’चा संदेश येऊन मशीन १५ सेकंदांत बंद झालं, तर पुढच्या पोर्टातली वाकलेली पट्टी किंवा चुकलेली वायर शोधा.

पाटी_पेन्सिल

पॅनेल आणि कार्ड बसवलं, साटा वायर थेट लावली. कार्ड रीडर उत्तम चालतो. हार्ड डिस्क मात्र मोठी कॉपी सुरू असताना मध्येच गायब होते आणि परत येते. पॅनेलवर हेडफोनचा जॅकही आहे, तो कुठे जोडू?

तीन_पिन

आधी डिस्कसोबतची आखूड केबल वापरून बघा, लांब असेल तर बदला. पॅनेलची स्वतःची ५०-६० सेंमी केबल आधीच मध्ये आहे, त्यात १ मीटरची भर पडली की ३.० चा सिग्नल तुटतो. कार्डाच्या मागे पोर्ट असेल तर डिस्क थेट तिथे लावा. तिथे नीट चालली तर दोष पॅनेलच्या केबलचा, तिथेही गायब झाली तर विजेचा किंवा डिस्कचा. यूएसबी ३.० पोर्टला ९०० मिलिअँपिअर ठरलेले आहेत आणि अशा डिस्का फिरायला लागताना क्षणभर त्याच्या आसपास किंवा थोडं वर जातात.

पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. पण कॉपी चालू असताना डिस्क तुटते म्हणजे संशय केबलवर जास्त.

कोकणकडा

हेडफोनचा प्लग एफ-ऑडिओ लिहिलेल्या हेडरवर. तो यूएसबीच्या प्लगसारखाच दिसतो, पण त्याचं ८ क्रमांकाचं भोक बुजवलेलं असतं आणि यूएसबीचं ९ क्रमांकाचं. बसत नसेल तर जोर लावू नका. एफ-ऑडिओ एकच असतो, तेव्हा कॅबिनेटचा जुना जॅक काढावा लागेल. दोन्ही समांतर जोडले तर हेडफोन लावल्याची खूण बोर्डला नीट कळत नाही.

वायरलेस माउसचा डोंगल नव्या पोर्टांशेजारी लावू नका. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि डिस्क चालू असताना माउस अडखळतो. जुन्या चालू २.० पोर्टात ठेवा. कीबोर्डही मागेच राहू द्या, आणि विंडोज टाकायचा पेन ड्राइव्हसुद्धा तिथेच लावा : अशा कार्डावरच्या पोर्टांवरून बहुतेक जुने बोर्ड बूट होत नाहीत.

पाटी_पेन्सिल

डिस्कला १ मीटरची केबल होती. ३० सेंमीची लावली, ५० जीबी एका दमात गेले. जॅकही जोडला. तिघांचेही आभार!