मार्कोस म्हणजे मरीन का? आणि आपल्या नौदलाला स्वतःचं पायदळ का नाही?

खाडीपलीकडचा:
26/11 ला ताजमध्ये एनएसजीच्या आधी आपल्या नौदलाचे कमांडो, मार्कोस, शिरले, तेव्हापासून बातम्यांत त्यांना सर्रास 'मरीन' म्हणतात. पण अमेरिकेचं मरीन कोअर लाखाच्या वर माणसांचं, त्यांचे स्वतःचे तोफखाने, स्वतःची विमानं. आपले मार्कोस तसे नाहीत हे कळतं. मग जहाजातून उतरून किनारा घ्यायचा झाला, तर आपल्याकडे ते काम कोणाचं? 1971 मध्ये कॉक्स बाजारला असं काही झालं होतं म्हणे, ते फसलं का? नेमकी माहिती असणाऱ्यांनी लिहा. 'आपले जवान जगात भारी' छापाचे प्रतिसाद नकोत.

गुराब_गलबत:
आधी गल्लत काढू. मार्कोस 1987 मध्ये उभे राहिले, तळ मुंबईचा आयएनएस अभिमन्यू. काम विशेष दलाचं: छोट्या तुकडीने गुपचूप जायचं, पाण्याखालून किंवा बोटीने, घाव घालून परत यायचं. किनारा ताब्यात घेऊन धरून ठेवणं हे त्यांचं काम नाही. 26/11 नंतर 2009 मध्ये सागर प्रहरी बल आलं. ते बंदरं आणि नौदलाच्या तळांच्या राखणीसाठी, वेगवान बोटींवर. तेही मरीन नव्हेत.

मूळ मरीन म्हणजे जहाजावरचं पायदळ. इंग्लंडने 1664 मध्ये पहिली अशी पलटण उभारली, पण लढाई संपली की मोडायची, पुन्हा उभारायची, असं चाले. 1755 मध्ये 50 कंपन्या कायमच्या झाल्या आणि चॅटहॅम, पोर्ट्समथ, प्लिमथ या तीन बंदरांत वाटल्या. शिडाच्या जहाजावर त्यांची कामं तीन. शत्रूच्या डेकवर बंदुकीने नेम धरणं, जहाजं भिडली की पलीकडे उडी घेणं, आणि एरवी दारूकोठाराच्या व कप्तानाच्या दारावर पहारा. हा पहारा जितका शत्रूविरुद्ध तितकाच आपल्या खलाशांविरुद्ध असे, कारण बरेच खलाशी धरून आणलेले. म्हणून मरिनांची झोपायची जागासुद्धा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध.

आंग्र्यांच्या आरमारात भिडायचं काम गलबतांवरचे लढवय्ये करत. गुराब, म्हणजे मोठं शिडाचं लढाऊ जहाज, नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) तोफांनी समोरच्याची शिडं-डोलकाठ्या फोडायची, मग वल्ह्यांची गलबतं माणसं भरून अंगाला लागायची. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकतं आणि वल्ह्याचं गलबत चालत राहतं. सगळा डाव त्यावर.

नकाशेवाला:
जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचं काम आपल्याकडे भूदलाचं. तिरुअनंतपुरमची 91 इन्फन्ट्री ब्रिगेड त्यासाठीच तयार केलेली, आणि जामनगरला 340 स्वतंत्र ब्रिगेड. जहाजं नौदलाची, माणसं भूदलाची.

आता कॉक्स बाजार. 'ऑपरेशन बीव्हर', डिसेंबर 1971. हेतू असा की पाकिस्तानी सैन्याने ब्रह्मदेशाकडे निसटू नये. 1/3 गुरखा रायफल्स, सोबत 11 बिहारचे काही जवान आणि थोडा तोफखाना. यांना कलकत्त्याला 'विश्व विजय' या व्यापारी जहाजावर चढवलं, समुद्रात 'घडियाल' आणि 'गुलदार' या उतराई-जहाजांवर हलवलं आणि किनाऱ्याकडे नेलं. जहाज किनाऱ्याला लागलं असं वाटलं, पण ते टेकलं होतं पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर. दांड्याच्या पलीकडे खोल चर, मग खरी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. उड्या टाकलेले जवान त्या चरात गेले, काही बुडाले. उरलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांनी काठावर आणावं लागलं. समोर शत्रू नव्हता, एक गोळी सुटली नाही. शत्रू असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

कारणं सरळ आहेत. पुळणीची आधी पाहणी नव्हती, पलटणीला या कामाचा सराव नव्हता, आणि एका जहाजातून दुसऱ्यात माणसं भर समुद्रात हलवताना थकवा आला तो वेगळाच.

भांग_उधाण:
नकाशेवाल्यांचं बरोबर. फक्त दांडा नसता तरी त्रास झालाच असता, तो हिशेब मांडतो.

समजा जहाज 75 मीटर लांब, पुढे 1 मीटर पाण्यात बसतं, मागे 2 मीटर. पुळणीचा उतार 1:50, म्हणजे दर 50 मीटरला 1 मीटर खोल, असेल तर नाळ आधी टेकते, काठापासून 50 मीटरवर, 1 मीटर पाण्यात. जवान कमरेइतक्या पाण्यात उतरतो, चालतो. हाच उतार 1:150 धरा. आता मागचं बूड आधी टेकतं, काठापासून 300 मीटरवर. नाळ 225 मीटरवर, तिथे पाणी दीड मीटर. पाठीवर ओझं, हातात शस्त्र, छाती-गळ्याइतकं पाणी आणि वरून लाट. बंगालच्या उपसागराच्या माथ्यावर अशा सपाट पुळणी भरपूर. म्हणून उतार मोजल्याशिवाय उतरायचं नाही, आणि एका रेषेवर मोजून भागत नाही. दर 20-25 मीटरला काठाशी काटकोनात खोली घ्यायची, म्हणजे दांडा आणि चर दोन्ही सापडतात. हे काम रात्री पोहणारे करतात. इथे मात्र मार्कोस लागतात!

जहाज लावतानाची रीत: मागच्या टाक्यांतलं पाणी कमी-जास्त करून नाळ उचललेली ठेवायची. काठापासून दोन-तीन जहाजलांब्या आधी मागचा नांगर टाकायचा आणि साखळी सोडत पुढे जायचं. टेकल्यावरही इंजिन हळू पुढे चालू, नाहीतर लाटा जहाज आडवं करतात, आणि आडवं झालेलं जहाज वाळूत रुततं. निघताना त्याच नांगरावर ओढून मागे यायचं. वेळ भरतीच्या शेवटाला एक-दोन तास असताना. ऐन उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, माथ्यावर लावलं आणि निघायला उशीर झाला तर पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळपास पंधरवडा, तिथेच.

कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते, हे सांगावं लागत नाही. पॅसिफिकमधल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या तारावा बेटावर 20 नोव्हेंबर 1943 ची सकाळ साधारण कृष्ण अष्टमीचीच होती. काठाभोवतीच्या प्रवाळ-खडकावर 5 फूट पाणी मिळेल या हिशेबावर अमेरिकन मरीन निघाले. त्या बेटांवर अनेक वर्षं राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंडने 3 फूटच मिळेल असं बजावलं होतं. मरिनांच्या हिगिन्स नावाच्या उतराई-बोटींना साडेतीन-चार फूट लागायचं. बोटी खडकावर अडल्या आणि माणसं शेकडो मीटर पाण्यातून मशीनगनसमोर चालत गेली. खडकावरून चढून जाणाऱ्या साखळीपट्ट्याच्या एलव्हीटी गाड्या फक्त 125 होत्या, त्या पहिल्या लाटांत संपल्या. तीन दिवसांत हजाराच्या वर अमेरिकन मेले.

खाडीपलीकडचा:
भांगेचा हिशेब पहिल्यांदाच असा कळला. मग आपल्याला मरीन कोअर हवंच, नाही का? आणि रणगाडे वगैरे कसे उतरवतात?

नकाशेवाला:
माझं मत: हवं, पण छोटं. आपल्या या ब्रिगेडमधल्या पलटणी ठरावीक काळाने बदलतात. दोर-जाळीवरून उतरणं, लाटेत बोट सांभाळणं अंगवळणी पडतं न पडतं तोच पलटण डोंगरात जाते. अमेरिकेच्या एका मरीन एक्सपिडिशनरी युनिटमध्ये साधारण 2,200 माणसं, 15 दिवसांचा शिधा-दारूगोळा, हेलिकॉप्टरं आणि तोफा एकाच कर्नलच्या हाताखाली असतात. आपल्याकडे त्याच गोष्टीला दोन दलांच्या सह्या लागतात.

गुराब_गलबत:
असहमत. अडचण जहाजांची आहे. मोठं डॉक, म्हणजे पोटात उतराई-बोटी ठेवायची जागा, असलेलं आपलं एकच जहाज, 'जलाश्व', 2007 मध्ये अमेरिकेकडून घेतलेलं जुनं 'ट्रेंटन'. ते दुरुस्तीला गेलं की तुमचं मरीन कोअर मगर-शार्दूल वर्गाच्या लहान उतराई-जहाजांवर दाटीवाटीने बसणार. चार नव्या मोठ्या जहाजांचा प्रस्ताव किती वर्षं रेंगाळतोय. आधी जहाजं आणा, मग टोपीचा रंग ठरवा.

भांग_उधाण:
गाड्यांचं सांगतो. टी-72 रणगाडा तरंगत नाही. त्याला एलसीयू लागते, थेट काठावर टेकणारी उतराई-बोट. एमके-4 वर्गाच्या अशा 8 आहेत, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेल्या. बीएमपी-2 ही जवान नेणारी चिलखती गाडी मात्र तरंगते, ताशी साधारण 7 किलोमीटर. 3 किलोमीटरवर सोडली तर 25 मिनिटं पाण्यात, तीही लाट शांत असेल तर. पाण्यात जाण्याआधी बुडाच्या बुचांची तपासणी, नाळेवरचा लाट अडवणारा पाट वर, पाणी उपसायचा पंप चालू. यातलं एकही राहिलं तर गाडी बुडते, कारण तिचा काठ पाण्यापासून जेमतेम वर असतो. पोहते पट्ट्यांच्या जोरावर, त्यामुळे आडव्या प्रवाहात वाहवते. म्हणून सोडतानाच प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडायची.

आणि भरताना उलटा क्रम: काठावर जे पहिलं हवं ते जहाजात सगळ्यात शेवटी. पाण्याच्या टाक्या आणि दवाखाना सुटसुटीत म्हणून दाराशी लावले, तर मोर्टारचे गोळे बाहेर यायला दुपार होते.