सर्व्हरवर ॲप्ट की पिप? इंदूरच्या एका वाचनालयाचा अनुभव

मूळ मत (रामबाग, इंदूर):

येथील एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची ज्या सर्व्हरवर चालते, त्याची देखभाल मी स्वेच्छेने करतो. त्यावर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली आहे. तिच्यावर पॅकेजे, म्हणजे कार्यक्रमांचे तयार संच, दोन मार्गांनी बसवता येतात: डेबियनचे स्वतःचे साधन ॲप्ट आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे साधन पिप. एके सकाळी सूची उघडेना, कारण संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र (ब्राउझरला त्याची ओळख पटवणारे) संपले होते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते आणि सर्टबॉट हा पायथनमधील कार्यक्रम ते वेळेआधी आपोआप नवे करतो. पण माझ्या आधी काम पाहणाऱ्या गृहस्थांनी 'सुडो पिप इन्स्टॉल' करून (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) सर्टबॉटला लागणारे क्रिप्टोग्राफी हे पॅकेज नव्या आवृत्तीवर नेले होते. पिपने बसवलेली प्रत पायथनला आधी सापडते, सर्टबॉटला लागणारे दुसरे पॅकेज, ॲप्टचे जुने पायओपनएसएसएल, तिच्याशी जुळत नाही आणि सर्टबॉट सुरू होताच कोसळतो. ॲप्टच्या नोंदीत मात्र सर्व काही सुरळीत होते. म्हणून माझे ठाम मत आहे की सर्व्हरवरचे प्रत्येक पॅकेज ॲप्टनेच बसवावे.

प्रतिसाद १ (सुदामानगर, इंदूर):

मी असहमत आहे. दोष पिपचा नसून सुडोचा आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप स्वतःच प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवायला नकार देते आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रणालीपासून अलग ठेवलेला पॅकेजांचा कप्पा) करायला सांगते. शिवाय डेबियन १२ मध्ये संकेतस्थळे उभारण्याच्या जँगो या पायथन चौकटीची ३.२ आवृत्ती मिळते, जिचा जँगोच्या चमूकडून होणारा सांभाळ एप्रिल २०२४ मध्ये थांबला. नव्या सुविधांवर सूची उभारायची असेल, तर ॲप्ट पुरणार कसे?

मूळ लेखक:

आवृत्तीचा आकडा जुना राहिला, तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनचे लोक त्याच आवृत्तीत आणून देतात, हे आपण विचारात घेतलेले नाही. उलट सप्टेंबर २०२३ मधील लिबवेबपी या वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीतील सुरक्षादोष आठवा. ॲप्टने लिबवेबपी सुधारली, तेव्हा तिच्यावर चालणारे सारे कार्यक्रम सावरले. परंतु पिपने आणलेल्या पिलो या चित्रे हाताळणाऱ्या पायथन पॅकेजच्या पोटात लिबवेबपीची स्वतंत्र प्रत असते, ती सदोषच राहिली आणि पिलो १०.०.१ वेगळे बसवावे लागले. ज्याला ही प्रत आत आहे हे ठाऊकच नाही, तो ते कशासाठी बसवेल?

प्रतिसाद २ (राजवाड्याजवळ, इंदूर):

डेबियनसारख्या वितरणाची, म्हणजे ॲप्टमागची, साखळीही अभेद्य नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात मुद्दाम घातलेली चोरवाट डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचली होती. सर्व्हरवर वापरतात ती स्थिर शाखा वाचली, हे मात्र खरे.

प्रतिसाद १ देणारे:

पिलोचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय म्हणजे बसवलेल्या पायथन पॅकेजांतील ज्ञात दोष शोधणारे पिप-ऑडिट दर आठवड्याला चालवणे; मात्र पोटातल्या प्रतीचा दोष पिलोच्या नावावर नोंदला गेला, तरच ते दाखवते, हेही सांगायला हवे.

मूळ लेखक:

मग एवढे मान्य करतो: सर्टबॉट, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) ॲप्टकडेच राहतील, जँगो एन्व्हायर्नमेंटमध्ये जाईल, परंतु पिलो तयार स्वरूपात न घेता सर्व्हरवरच स्रोतापासून, म्हणजे मूळ संहितेपासून, बांधावे, म्हणजे ते ॲप्टचीच लिबवेबपी वापरेल.

प्रतिसाद १ देणारे:

त्यासाठी चालत्या सर्व्हरवर कंपायलर (मूळ संहितेतून कार्यक्रम बांधणारे साधन) ठेवावा लागेल, आणि तो मला तिथे नको आहे. बांधणी दुसऱ्या, पण त्याच आवृत्तीच्या डेबियन यंत्रावर करून फाइल इकडे आणणार असाल, तर माझी हरकत नाही.