ए विंगची पाण्याची लाईन: सोसायटी ग्रुप, लातूर

*ए-३०१ (ताई):* सर्वांना नमस्कार. काल आमच्या बाथरूमचा पाइप फुटला. प्लंबरने कापून काढलेला तुकडा वॉचमनच्या स्टुलावर ठेवलाय, येता-जाता प्रत्येकानं हातात घेऊन बघा. अर्ध्या इंचाचा जीआय पाइप आहे आणि आत पेन्सिल जाईना! मी स्वतः घालून बघितली. आतून सगळ्या तपकिरी गाठी, त्यावर क्षाराचा पांढरा थर, नखानं खरवडलं की पापुद्रे निघायलेत. लेकरं या नळाच्या पाण्यानं चूळ भरतात. रात्री झोप लागली नाही मला.

*ए-००२ (काका):* ताई, काळजी समजते. पण माझ्याकडं धार चांगली आहे. तुम्हाला प्रेशर नाही म्हणून मागच्या वर्षी गच्चीवरची टाकी तीन फूट उचलली ना?

*ए-३०१ (ताई):* काका, तुम्हाला तीन मजल्यांची उंची मिळते. माझ्या नळापासून टाकी जेमतेम दहा फुटांवर. टाकी कितीही उचला, वाटच बुजली तर पाणी कुठून येणार?

*ए-१०२ (भाऊ):* मी साईटवर हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. भोकाची रुंदी निम्मी झाली की पाण्याची वाट पावच राहते, त्यात आतून खडबडीत. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. तो गेला की गंज धरतो. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यामुळं क्षार बसतो तो वेगळाच. शिवाय आपल्याकडं नळ रोज येत नाही. लाईन भरते, रिकामी होते, आत हवा शिरते. ओल आणि हवा दोन्ही मिळाले की लोखंड लवकर गंजतं. २०१६ आठवा. मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन येत होती तेव्हा आपली लाईन कोरडी पडून होती. त्यानंतरच पहिल्या पाण्याला लाल रंग यायला लागला.

आणि नळाकडून टाकीत येणारी लाईन ड्रेनेजच्या चेंबरजवळून जाते, मला सगळ्यात भीती तिचीच आहे. पुरवठा बंद झाला की लाईन रिकामी होताना बाहेरचं आत ओढते. तिथं एक भोक पडलं तर बाहेरची घाण आत. आधी ती बदला, चेंबरपासून लांब घ्या.

*ए-२०३:* मग सगळीकडं यूपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकू. स्वस्त पडेल.

*ए-१०२ (भाऊ):* गार पाण्याला चालेल. सोलरच्या लाईनला नाही. मे महिन्यात सोलरचं पाणी ६० अंशांच्या वर जातं, यूपीव्हीसी मऊ पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइपच, तो ९३ अंशांपर्यंत चालतो. पण तोही तापला की वाढतो. १० मीटरची उभी लाईन ३० अंशांनी तापली तर जवळपास पावणेदोन सेंटीमीटर. म्हणून क्लॅम्प आवळून टाकायचे नाहीत, पाइपला सरकायला जागा पाहिजे. गच्चीवर उन्हात उघडा ठेवू नका, वॉटर बेस पांढरा रंग मारा. नळ जिथं बसतो तिथं पितळी आट्याचीच (पेचाचीच) फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आट्या पाना लावला की तडकतात.

*ए-१०१ (आजी):* भाऊ, आमच्या देवघराच्या मागून लाईन गेलीय. भिंत फोडावी लागते का?

*ए-१०२ (भाऊ):* नाही आजी, देवघराला हात लावणार नाही. नवी उभी लाईन डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून) बाहेरून घेऊ. जुनी दोन्ही टोकांना बंद करून भिंतीतच राहू द्यायची. झिरी (पाइपसाठी भिंतीत खाच) फक्त बाथरूम-किचनमध्ये मारायची, तीही विटेच्या भिंतीत. ही बिल्डिंग १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलीय, कॉलम-बीमला छिन्नी लागता कामा नये. प्लंबर "एवढंसं तोडतो" म्हणाला तरी थांबवा.

*ए-२०३:* ज्याचा फुटेल त्यानं बदलावा, सगळ्यांना खर्च कशाला?

*ए-३०१ (ताई):* २०३, आम्ही तेच केलं ना! दोन वर्षांत तीनदा. नवा तुकडा जोडताना जुन्या पाइपला पाना लावला की पुढची आटी सुटते. तिसऱ्या वेळी खालच्या घराचं छत भिजलं, त्यांच्या मुलीची पुस्तकं भिजली. मला फार वाईट वाटलं. उभी लाईन सगळ्यांची आहे, एकदाच बदलू.

*सेक्रेटरी:* रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये मीटिंग. उभ्या लाईनचा खर्च सोसायटी फंडातून, घरातली लाईन ज्याची त्यानं. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांनी मला पर्सनल सांगा, हप्ते करू. प्रत्येक मजल्यावर वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेऊ.

*ए-१०२ (भाऊ):* एक राहिलं. प्लास्टरआधी हातपंपानं प्रेशर देऊन गेज रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर प्लास्टर नाही. आणि उघड्या झिरीचे फोटो मोजायची टेप लावून काढा, ग्रुपवर टाका. पुढं खिळा ठोकताना कामाला येतील.

*ए-००२ (काका):* आत्ताच खाली तुकडा बघून आलो. माझ्या घरात असंच असेल असं वाटलं नव्हतं. माझा होकार धरा. काम चालू असताना आजींचं पाणी माझ्या हौदातून भरून देतो, त्यांनी जिना उतरायचा नाही.