जिप्सम पार्टिशनमधल्या लाकडी पट्टीत स्क्रू बसवायचा आहे : छिद्र किती मापाचे पाडावे?

जुळे_सोलापूर : आमच्या घरात दोन खोल्यांमध्ये विटांची भिंत नसून, आत लाकडाच्या उभ्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड असे पार्टिशन आहे. मुलीच्या पुस्तकांची फळी लावताना पहिला स्क्रू मी छिद्र न पाडताच मशीनने आत घातला; तो अर्ध्यावर अडकला आणि जोर लावताच त्याचे डोके तुटून पडले. स्क्रू काळा, बोर्ड ठोकायला वापरतात तोच होता. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सागवान : काळा स्क्रू कडक असला तरी तो वाकत नाही, ताण आला की काडीसारखा मोडतो, म्हणून वजन पेलण्यासाठी लाकडाचा साधा आठ नंबरचा स्क्रूच घ्यावा. आट्यांसकट त्याची जाडी सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास आणि आतला गाभा सुमारे 3 मिलिमीटर असतो. छिद्र गाभ्याच्या मापाने पाडायचे, म्हणजे गाभ्याला वाट मिळते आणि आटे लाकडात रुततात. मऊ लाकडाला 2.5 आणि सागवानाला 3 मिलिमीटरचा बिट मी वापरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड इतके कोरडे पडते की पट्टीच्या टोकाजवळ छिद्राविना स्क्रू घातला तर ती उभी चिरण्याची भीती असते.

लांबीचा हिशेब असा : ब्रॅकेटची जाडी 3, बोर्ड 12.5, लाकडात किमान 30. म्हणजे 50 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. बिटवर टोकापासून 45 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली की खोलीचा अंदाज चुकत नाही. आट्यांना मेणबत्ती चोळावी. साबण ओलावा धरतो आणि पुढे स्क्रू गंजतो. तुटलेला स्क्रू उकरत बसू नका, इंचभर खाली नवे छिद्र घ्या.

पेठेतला_वायरमन : पट्टी शोधायला लहान लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवावे. बोर्डाच्या स्क्रूंवर ते चिकटते, आणि एकाखाली एक अशा खुणा उभ्या रेषेत मिळाल्या की पट्टी तिथेच असते. मात्र स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली छिद्र पाडू नये, कारण वायर बहुधा तिथूनच उभी गेलेली असते. मेन स्विच बंद करून बॅटरीवरच्या मशीनने काम करावे.

जुळे_सोलापूर : चुंबकाने दोन रेषा सापडल्या, दोहोंमध्ये बरोबर दोन फूट अंतर आहे. पण बिट लाकडातच गेला, हे कसे कळणार?

सागवान : भुकटीकडे पाहा, ताई. आधी पांढरी पूड येईल, मग पिवळसर भुसा येऊ लागेल आणि मशीनचा आवाज जड होईल. पांढऱ्या पुडीनंतर बिट एकदम पोकळीत घुसला तर पट्टी चुकली, आणि चकचकीत कीस आला तर आत पत्र्याचा खांब आहे; त्यात लाकडाचा स्क्रू धरत नाही, तेव्हा थांबून इथे पुन्हा विचारा.

जुळे_सोलापूर : दोन्हीकडे पिवळा भुसाच आला. स्क्रू हाताने पिळून शेवटपर्यंत घट्ट बसले, फळी जराही हलत नाही. दोघांचेही मनापासून आभार.